निळा प्रोसेसर, लाल प्रोसेसर

आमच्या घरात भांडण सासूवरून झालं नाही, माहेरावरून झालं नाही, भाजीत मीठ जास्त पडल्यावरूनसुद्धा झालं नाही. आमचं भांडण प्रोसेसरवरून व्हायचं. कोणाला सांगितलं की लोक हसतात. हसा बाप्पा, हसायला काय जातं. भांडणच उरलं नाही अशा घरात चार दिवस राहून पाहा, मग बोला.

आम्ही नवरा-बायको लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करायचो. कॅमेरावाले हळद, वरात, मंगलाष्टकं, पंगत असं पोतंभर शूटिंग आणून टाकायचे आणि आम्ही घराच्या मागच्या खोलीत बसून त्यातून पाहण्यासारखी फिल्म काढायचो. कापाकापी माझी. कोणती मावशी ठेवायची, कोणत्या काकाचा नाच उडवायचा, हे मी ठरवायची. रंग सारखे करणं, टायटल टाकणं, गाणी बसवणं आणि शेवटी सगळी फिल्म एका फाइलमध्ये बाहेर काढणं, म्हणजे रेंडर करणं, हे त्याचं. दोघांची टेबलं एकाच खोलीत, पाठीला पाठ. चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणायची, कॉम्प्युटरपुढे बसलो की ‘काय गा’.

बाजारात प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या दोनच. एकीचा डबा निळा, दुसरीचा लाल. कंपन्यांची नावं आम्ही घरात कधी घेतलीच नाहीत. माझा निळा, त्याचा लाल, बस. शेजारच्या काकूंना कित्येक वर्षं वाटत होतं की आम्ही निवडणुकीवरून भांडतो. एकदा त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं, मत कोणालाही दे वं, पण घरात नवऱ्याशी वाकडं घेऊ नको.

महागडे प्रोसेसर आमच्या आवाक्याबाहेर आणि अगदी स्वस्तातले आमच्या कामाला पुरे पडत नसत. म्हणून मधल्या पट्टीतला निळा की मधल्या पट्टीतला लाल, एवढ्यातच आमचं जग. माझं म्हणणं साधं होतं. निळ्याच्या पोटातच व्हिडिओ उघडणारा भाग असतो. कॅमेऱ्याची जड फाइल टाकली तरी टाइमलाइनवर, म्हणजे कापायच्या लांबच लांब पट्टीवर, माऊस सरकवला की चित्र सरकतं, अडखळत नाही. दिवसभर कापणाऱ्या बाईला दुसरं काय पाहिजे? शिवाय तो थंड डोक्याचा. त्याचं म्हणणं असं की कापणं म्हणजे काही काम नव्हे, खरी परीक्षा रेंडरला. तिथे लालचे आठही कोर, म्हणजे आत राबणारे आठही गडी, सारख्या ताकदीचे, खांद्याला खांदा लावून जोर लावतात.

“तुझ्या निळ्यात कोर मोजाले दहा,” तो म्हणायचा, “त्यातले चार निस्ते पंगतीले बसलेले. वाढाले कोणी नाही.”

“आणि तुझा लाल? तापतो कसा तव्यासारखा.”

“तो तसाच बनवला आहे. नव्वदच्या वर गेला तरी त्याले काही होत नाही.”

“त्याले होत नसंल. मले होते. त्याच्या पाठीशी मी बसते.”

आणि हे रोज. चहासोबत, जेवताना, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलताना. त्याला हार माहीत नव्हती. मी दहा गोष्टी दाखवल्या की तो अकरावी शोधून आणायचा. इंटरनेटवर कोणी तरी परदेशात बसून दोन्ही प्रोसेसर शेजारी शेजारी चालवलेले असायचे, त्याचे तक्ते मला पाठवायचा. एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसलेला असताना मोबाइलवर पाठवायचा. मी उघडायची नाही. तो खुर्ची फिरवून विचारायचा, “पाहिलं काय?”

तोंडाच्या भांडणाचा निकाल लागत नाही म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. पुतणीच्या हळदीचं कामठीत केलेलं शूटिंग आमच्याकडे होतं. तीन कॅमेरे, सगळीकडे पिवळा रंग, उडणारं पाणी, धावणाऱ्या बायका. प्रोसेसरचा घाम काढायला त्याहून चांगलं काही नाही. घरात नवीन मशीन आलं की आधी ती हळद. तीच फाइल दोन्ही मशीनवर चढवायची, तो त्याच्या टेबलाशी, मी माझ्या, आणि ‘एक दोन तीन’ म्हणून बटन एकदम दाबायचं. मग दोघांनी हाताची घडी घालून बसायचं. त्या हळदीतली प्रत्येक बाई कधी हसते आणि कधी पदर सावरते हे मला पाठ होतं.

पहिल्या वर्षी तर गंमतच झाली. जानेवारीत टेस्ट घेतली तर लाल जिंकला. त्याने अख्ख्या मोहल्ल्याला सांगायचं तेवढं बाकी ठेवलं. मी चिडून मे महिन्यात पुन्हा घ्यायला लावली, तर निळा जिंकला. मग तो चिडला. मी काही तरी लबाडी केली म्हणाला. दोन दिवस अबोला. शेवटी त्याच्याच डोक्यात उजेड पडला. परदेशातले ते तक्ते एसीच्या खोलीत केलेले असतात आणि आमची खोली मे महिन्यातली नागपूरची. लाल तापला की स्वतःच वेग कमी करत होता. कूलर मशीनवर सोडायची सोय नव्हती, ओल्या हवेने आतले स्क्रू गंजतात. मग त्याने लालचं झाकण काढून ठेवायचं, पंखा कुठून लावायचा, सेटिंगमध्ये जाऊन काय कमी-जास्त करायचं, असले उद्योग सुरू केले. दर उन्हाळ्यात लाल रुसायचा आणि हा त्याची समजूत काढायचा. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि कळून घ्यायची गरजही वाटली नाही. तो होता ना.

मग त्याच्या पोटात दुखायला लागलं. आधी ॲसिडिटी, मग अल्सर, आणि मग डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. कॅन्सर होता आणि पसरलेला होता. रामदासपेठेतल्या दवाखान्यात त्याची कीमो सुरू झाली. एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात मोबाइल. नवीन पिढीचे दोन्ही प्रोसेसर त्याच सुमारास आले होते, निळाही आणि लालही. तो पडल्या पडल्या त्यांचे तक्ते वाचायचा आणि शेजारी स्टुलावर बसलेल्या मला पाठवायचा.

“पाहिलं काय?”

“पाहिलं. झोप आता.”

“यावेळी तुझ्या निळ्याचं काही खरं नाही वं.”

“काहून नाही? टाइमलाइनवर अजून माझाच पुढे आहे.”

“टाइमलाइन, टाइमलाइन. दुसरं काही बोलताच येत नाही तुले.”

बाजूच्या खाटेवरचे पेशंट आमच्याकडे पाहत राहायचे. पाहू देत. मी डॉक्टरांचं तोंड पाहणं सोडून दिलं होतं. रिपोर्ट हातात घेतला तरी वाचत नव्हते. मी मनाशी एकच पक्कं धरलं होतं: हा भांडतो आहे तोवर हा कुठेही जात नाही. ज्या दिवशी त्याने जेवण टाकलं आणि तरी लालसाठी माझ्याशी वाद घातला, त्या दिवशी मी घरी येऊन पोटभर जेवले. आता सांगताना वेड्यासारखं वाटतं. तेव्हा तेवढाच एक आधार होता, तोच मी घट्ट धरून बसले होते.

लग्नसराईच्या तोंडावर त्याचं जुनं रेंडरचं मशीन बसलं. मदरबोर्ड गेला. कामं तर घेतलेली होती. एकच नवीन मशीन घ्यायचं होतं, आणि निळं की लाल हा प्रश्न आता तक्त्यातला राहिला नव्हता. सीताबर्डीवरचा आमचा दुकानदार जुना माणूस, त्याला घरची हालत माहीत होती. त्याने दोन्ही मशीन जोडून घरी पाठवली. म्हणाला, वहिनी, भाऊंना करून पाहू द्या, जे ठेवायचं ते ठेवा, दुसरं मी घेऊन जाईन.

मार्च होता, दुपारची वेळ. तो खोलीत आला तो भिंतीला धरून. अंगात स्वेटर, नागपूरच्या मार्चमध्ये. मी त्याच्यासाठी खुर्चीत उशी ठेवली होती आणि एक गोष्ट गुपचूप केली होती. लालचं बाजूचं झाकण काढून टेबल फॅन बरोबर त्याच्या तोंडावर लावून ठेवला होता. माझ्या निळ्याला भिंतीशी, कोंडलेल्या कोपऱ्यात सरकवलं होतं. मला लाल जिंकायला हवा होता. दणकून जिंकायला हवा होता. त्याने मला खिजवावं, फोन करून कॅमेरावाल्यांना सांगावं, आठवडाभर माझं डोकं खावं, म्हणून मी माझ्याच प्रोसेसरचा गळा दाबला होता.

एक दोन तीन म्हणालो, बटन दाबलं. हळद लागली, पाणी उडालं, पुतणी हसली. लाल कितीतरी आधी संपला. माझा निळा अजून हळदीनंतरच्या पंगतीलाही पोहोचला नव्हता.

“घे गा, जिंकला तुझा लाल,” मी म्हटलं. तोंड वाकडं करायचं नाटकही केलं.

तो स्क्रीनकडे पाहतच नव्हता. टेबल फॅनकडे पाहत होता.

“पंखा माझ्याकडे काहून लावला?”

“लागला असंल. मी काय पाहून लावला?”

तो थोडा हसला. मग म्हणाला, “आपण तुझाच घेऊ. निळा.”

मला आधी वाटलं, चेष्टा करतो आहे. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे ना, अर्ध्या वेळात काम झालं तुझ्या लालचं. तर म्हणाला, “वेगाचं नाही बोलून राहिलो मी. मे महिन्यात लाल रुसते, तुले माहीत आहे. त्याले पाहाले कोणी लागते. निळा काही मागत नाही, आपला चालत राहते. तुझ्या एकटीच्या हातात तोच बरा.”

तुझ्या एकटीच्या. असं सरळ म्हणाला, भाजी आणायला सांगावं तसं. इतके महिने डॉक्टर जे सांगत होते आणि मी कानांवर हात ठेवून बसले होते, ते त्याने असं प्रोसेसरच्या बोलण्यात सांगून टाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. आयुष्यभर माझं एक ऐकलं नाही या माणसाने, आणि आता ऐकतो? हरायचं होतं तर तब्येत बरी असताना हरायचं होतं. त्या दुपारी मी त्याच्यावर जेवढी चिडले तेवढी लग्नानंतर कधी चिडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला फोन करून निळं मशीन परत न्यायला लावलं. लाल ठेवून घेतलं.

“काहून वं?” त्याने विचारलं.

“मले वेग पाहिजे. लग्नसराई आहे.”

“अन् मे महिन्यात?”

“मे महिन्यात तू आहेस न. तुझा लाल आहे, तू पाहा.”

मी हे ठणकावूनच बोलले. माझा हिशेब सरळ होता. याच्यावाचून चालणार नाही असं काही तरी घरात पाहिजे. मुलंबाळं आम्हाला नव्हती. मग लाल का होईना. एखादा माणूस कामाने अडकतो, थांबतो, असं आपण पाहतोच की.

आणि खरंच त्याने ते अंगावर घेतलं. दुपारी बरं वाटलं की उशी पाठीला लावून मशीनपुढे बसायचा. मशीन बंद करायचा, सुरू करायचा, ती काळी सेटिंगची स्क्रीन उघडायचा, आकडे बदलायचा, हळद लावून पाहायचा, पुन्हा बंद करायचा. मी पाठीमागे माझ्या टेबलावर लग्नं कापत असायची.

“काय करून राहिला गा?”

“तू तुझं काम कर.”

मला वाटलं, वेग वाढवतो आहे. पहिल्यापासूनची खोडच ती, नवीन गाडी घेतली तरी आधी साखळी काढून पाहणारा माणूस. मला बरं वाटायचं. मी बहिणीला फोनवर सांगितलं, हे आता पुढचा विचार करून राहिले, सुधारून राहिले. बहिणीने विचारलं, तू जेवलीस काय. एका दुपारी त्याने मशीन बंद केलं आणि म्हणाला, झालं, आता तरास नाही देणार. मी म्हटलं, पाहू मे महिन्यात.

मे त्याने पाहिला नाही. एप्रिलमध्ये ताप आला, दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आला नाही. शेवटचे दोन दिवस त्याला बोलता येत नव्हतं. मी त्याच्या कानाशी बसून निळ्याची बाजू मांडत राहिले. टाइमलाइनवर कसा सरकतो, गरम कसा होत नाही, सगळं पहिल्यापासून. म्हटलं, काही तरी उत्तर देईल. त्याच्याने राहवायचं नाही ना असं ऐकून. पण तो पडून राहिला.

दिवस झाले, पाहुणे गेले. कामं तर होतीच, लोकांची लग्नं झालेली होती, त्यांचा काय दोष. मी कापायची आणि आता रेंडरही मीच करायची. मे महिना आला, कूलर लावला तरी खोलीतल्या लोखंडी कपाटाला हात लाववत नव्हता, आणि लाल एकदाही रुसला नाही. बंद पडला नाही, अडकला नाही, त्याच्या पंख्याचा आवाजसुद्धा वाढला नाही. मी वाट पाहत होते. तो बिघडावा आणि मी कोणाला तरी शिव्या घालाव्या, असं मला वाटत होतं. तेवढंही सुख त्याने दिलं नाही.

मग एके दुपारी माझ्या डोक्यात आलं, हळद लावून पाहावी. माझं जुनं कापायचं निळं मशीन होतंच. दोन्हींवर फाइल चढवली. दोन टेबलांमध्ये उभी राहिले, एक हात इकडे, एक हात तिकडे, मनातच एक दोन तीन म्हटलं. आणि पाहते तर काय, नवा कोरा लाल माझ्या जुन्या निळ्याच्याही मागे. पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. मला वाटलं, दुकानदाराने फसवलं. टेस्टला एक मशीन दिलं आणि निळं परत न्यायला आला तेव्हा लालच्या आतला माल बदलला. माणूस घरी मरणाला टेकला होता आणि याने हात मारला. मी तसंच मशीन उचललं, ऑटोत घातलं आणि सीताबर्डीला गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी मी तोंड सोडलं. जे आलं ते बोलले.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मशीन जोडलं, ती काळी स्क्रीन उघडली आणि एकेक आकडा तपासला. मग म्हणाला, “वहिनी, माल तोच आहे. भाऊंनी बांधून ठेवला आहे त्याले.”

म्हणजे काय, मी विचारलं. त्याने मला समजेल असं सांगितलं. प्रोसेसरने किती वीज ओढायची आणि किती तापायचं, याची हद्द ठरवता येते. भाऊंनी ती ओढून अगदी खाली आणली आहे. मे महिन्यात, बंद खोलीत, कोणी हात नाही लावला तरी तापणार नाही इतकी खाली.

“मले फोन आला होता त्यांचा,” तो म्हणाला. “विचारत होते, सगळ्यात कमी किती ठेवू, म्हणजे कोणाले काही पाहावंच लागणार नाही. मी म्हटलं, भाऊ, असं केलं तर लाल घेण्यात मतलबच काय, निळ्याच्याही मागे पडंल. ते म्हणाले, पडू दे.”

मी स्टुलावर बसले. लाल एका मिनिटाने मागे पडला तर दोन दिवस न जेवणारा माणूस होता तो. मी त्याला अडकवायला म्हणून लाल घरात ठेवला होता. तो उशीला टेकून, स्वेटर घालून, रोज थोडा थोडा करून, आपल्याशिवाय चालेल असा त्याला करत बसला होता, आणि मी पाठीमागे बसून खूश होत होते.

दुकानदाराने पाण्याचा ग्लास पुढे केला. मग हळूच म्हणाला, “आता पूर्ण खोलून देऊ काय वहिनी? आहे त्याहून निम्म्या वेळात काम होईल तुमचं.”

मी म्हटलं, “राहू द्या. लवकर आटोपून मले कोणासंग भांडायचं आहे?”